खाडाखोड राहू द्या : टीवायबीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगवही ऑनलाइन नेताना

विज्ञान शाखेत शिकलेल्या कुणालाही जर्नल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उजव्या पानावर हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं काढलेली आकृती. सुरुवातीला विभागप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून सबमिशनच्या आठवड्यात वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये रात्री जागून जर्नल 'पूर्ण' केल्या जातात. समोर मागच्या वर्षीच्या कुणाची तरी जर्नल उघडी असते. अक्षर छान येतं, आकृत्या नीट येतात, आणि निरीक्षणं सगळ्यांची जवळपास सारखी येतात.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात टीवायबीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची वही आम्ही ऑनलाइन कशी नेली, त्याची ही हकिगत आहे. महाविद्यालयाचं आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. परिस्थिती इतकी सर्वसाधारण आहे की नावानं काही फरक पडत नाही. एका बॅचला बारा ते पंधरा मुलं, अशा दोन बॅच, एक प्रयोगशाळा, एक ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र), दोन इन्क्युबेटर (प्लेटा ठराविक तापमानाला ठेवण्याच्या पेट्या), एक शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) आणि डेमो रूममध्ये बऱ्यापैकी, तर प्रयोगशाळेत जेमतेम चालणारं वायफाय.

आमचा मुद्दा कागद की पडदा हा नव्हता. नोंद कधी लिहिली जाते, हा होता.

प्रत्येक विद्यार्थ्याकडे खरं तर दोन वह्या असतात, रफ आणि फेअर. प्रयोग चालू असताना आकडे रफमध्ये उतरतात: तिरके, खोडलेले, कधी हातमोज्याच्या डब्याच्या झाकणावर. घरी गेल्यावर त्यातलं जे शोभेल ते फेअरमध्ये जातं आणि रफ रद्दीत जाते. मार्क फेअरला. म्हणजे जी खरी प्रयोगवही आहे ती आपण फेकायला शिकवतो आणि जिच्यात प्रयोगातलं काहीच घडलेलं नाही ती कापडी बांधणी करून जपायला लावतो. मला हे वर्षानुवर्षं खुपत होतं.

सूक्ष्मजीवशास्त्रात ही गोष्ट आणखी बिघडते, कारण इथे निकाल त्याच दिवशी मिळत नाही. आज प्लेटवर कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू, पसरायचं, ती ३७ अंशांवर २४ तास ठेवायची, वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे जीवाणूंचे पुंजके, उद्या मोजायच्या. उद्या त्या बॅचचं प्रात्यक्षिक नसतं. कुणी मधल्या सुट्टीत येऊन प्लेट बघतं, कुणी मैत्रिणीला बघायला सांगतं, कुणी येतच नाही. दोन दिवसांनी प्लेटा निर्जंतुक करून टाकून दिल्या जातात आणि फेअर जर्नलमध्ये पुस्तकातली वसाहत उतरते: 'गोल, पांढरट, कडा अखंड'.

यातली बरीच मुलं पुढे औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागांत जातात. तारापूर, वाळूज, कुरकुंभ, गोव्यात वेर्णे. तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं जातं की जे लिहिलं नाही ते झालंच नाही, आणि जे नंतर आठवून लिहिलं ती नोंदच नव्हे. नोंद कुणाची हे कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, कृती घडत असतानाच लिहिलेली पाहिजे, मूळ प्रत पाहिजे आणि अचूक पाहिजे, या पाच कसोट्यांवर तिथे प्रत्येक पान तपासलं जातं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, इलेक्ट्रॉनिक नोंदींचे नियम १९९७ मध्येच केले. बदल कुणी, केव्हा केला याचा माग त्यात सक्तीचा आहे. आणि आपण तीन वर्षं या मुलांना नेमकं उलटं वळण लावून पाठवतो.

वही ऑनलाइन नेण्याचं कारण एवढंच. पडद्यावरच्या नोंदीला वेळ आपोआप चिकटते आणि खोडलेलं मागे राहतं.

साधन कोणतं

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी २००६ मध्ये 'ओपन नोटबुक सायन्स' ही कल्पना मांडली. मलेरियावरच्या औषधांच्या शोधात त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेला प्रत्येक प्रयोग, फसलेला धरून, ते विकीवर, म्हणजे अनेकांना मिळून लिहिता-बदलता येणाऱ्या संकेतस्थळावर, सगळ्या जगासमोर ठेवत. विकी निवडण्यामागे साधा विचार होता: प्रत्येक बदल तारीख-वेळेसह मागे उरतो आणि तो इतिहास तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर असतो, आपल्याला फिरवता येत नाही. आपल्याकडे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं २००८ मध्ये क्षयरोगाच्या औषधांसाठी ओएसडीडी (ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी) हा खुला प्रकल्प सुरू केला, त्यातही देशभरातले विद्यार्थी एका ऑनलाइन मंचावर एकत्र काम करत होते. म्हणजे पदवीच्या मुलांना हे झेपणार नाही, या शंकेत फारसा दम नाही.

पण ब्रॅडली यांची वही ज्या विकीस्पेसेस सेवेवर होती ती २०१८ मध्ये बंद झाली. साधन निवडताना पहिला प्रश्न 'यात काय काय करता येतं' हा नसून 'हे उद्या बंद पडलं तर आपली पानं बाहेर कशी काढायची' हा असतो, हे आम्ही त्यावरून घेतलं.

मला स्वतःला ईलॅबएफटीडब्ल्यू हे सॉफ्टवेअर आवडलं होतं. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधून आलेलं, मुक्तस्रोत, खास प्रयोगवहीसाठीच घडवलेलं. नोंद कुलूपबंद करता येते, वेळेचा शिक्का मारता येतो. पण ते चालवायला स्वतःचा सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. आमच्या संगणक विभागातले एक सहकारी उत्साहानं तयार झाले होते. तेच म्हणाले, 'मी बदलून गेलो की हे कोण बघणार?' प्रश्न रास्त होता. परदेशी विद्यापीठांतून वापरल्या जाणाऱ्या सशुल्क वह्यांचं दरमाणशी शुल्क आम्हाला परवडणारं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या क्लास नोटबुकमध्ये शिक्षकाला प्रत्येकाची वही दिसते ही सोय मोठी, पण आमची मुलं-शिक्षक सगळे आधीपासून गूगलच्या शैक्षणिक खात्यांवर होते. शेवटी गूगल डॉक्स आणि शेअर्ड ड्राइव्ह, एवढ्यावर आम्ही थांबलो.

शेअर्ड ड्राइव्हचा आग्रह का, ते सांगायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी साधा फोल्डर शेअर करून काम भागवतात. साध्या फोल्डरमधली फाइल ज्यानं बनवली त्याच्या मालकीची असते. त्याचं खातं बंद झालं की फाइलही जाऊ शकते. शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल संस्थेच्या मालकीची असते. शिवाय तिथे विद्यार्थ्याला 'कंट्रिब्युटर' हा दर्जा देता येतो: तो लिहू शकतो, बदलू शकतो, पण फाइल कचऱ्यात टाकू शकत नाही. डॉक्सचा आवृत्ती-इतिहास उत्तम असला तरी जुन्या बारीक आवृत्त्या कालांतरानं एकत्र केल्या जाऊ शकतात, म्हणून प्रात्यक्षिक संपताना शिक्षकानं त्या घडीच्या आवृत्तीला नाव द्यायचं, असा नियम केला. 'प्रयोग ४, टेबल सोडताना' असं नाव. हे काम एका पानाला काही सेकंदांचं आहे आणि माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाचं आहे.

साठवणुकीकडेही लक्ष द्यावं लागलं. गूगलनं शैक्षणिक खात्यांची अमर्याद साठवण थांबवली. २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आहे. वाटतं पुष्कळ, पण सगळ्या विभागांचे व्हिडिओ त्यातच असतात. व्हिडिओ नको, फोटोच, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं.

पान कसं असावं

इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. जुन्या जर्नलचं पान जसंच्या तसं पडद्यावर नेलं असतं तर चिकटवण्याची सोय तेवढी वाढली असती. जर्नलमधला मोठा भाग 'कृती'चा असतो आणि कृती सगळ्यांची सारखीच असते. ती सारखी नसली तरच काळजी! मग ती प्रत्येकानं लिहून काढण्यात शिकणं कुठे आहे? आम्ही कृती साच्यात छापूनच दिली. विद्यार्थ्यानं फक्त आपण त्यापेक्षा वेगळं काय केलं तेवढं लिहायचं. एक मिनिट रंगवायचं होतं, दीड मिनिट झालं. लूप (कल्चर उचलायची तापवलेली तार) गार व्हायच्या आत कल्चरला लागला. पाच मिलिलिटर संपलं म्हणून चारच घेतलं.

नक्कल करण्यासारखं पानावर काही उरलंच नाही. नक्कल बंद करण्यासाठी आम्ही वेगळा कुठलाही उपाय केला नाही.

बाकी रकाने थोडे: तारीख, गट, कल्चरचा क्रमांक, मीडियाचा (जीवाणू वाढवायच्या खाद्याचा) लॉट, म्हणजे तो कोणत्या खेपेत बनवला, कोणता इन्क्युबेटर, सुरुवातीची वेळ. मग वाचनं आणि फोटो. मग 'काय अपेक्षित होतं आणि काय दिसलं'. शेवटी 'उद्या काय बघायचं, कोण बघणार'. हा शेवटचा रकाना आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या प्लेटांना माणूस मिळाला. दुसऱ्या दिवसाची नोंद वेगळ्या तारखेनं, त्याच पानाखाली. चुकलेलं खोडायचं नाही. त्यावर रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं.

हा नियम मुलांना पचायला जड गेला. लहानपणापासून 'स्वच्छ लिही' ऐकलेलं. एका मुलीनं चुकीचं वाचन पुसून टाकलं आणि मी इतिहास उघडून ते तिला दाखवलं तेव्हा ती ओशाळली. तिला मिलिकनची गोष्ट सांगितली. इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणाऱ्या रॉबर्ट मिलिकननं १९१३ च्या निबंधात तेलाच्या ५८ थेंबांची मोजमापं दिली आणि निवडलेले थेंब नव्हेत, सगळे आहेत असं म्हटलं. त्याच्या वह्या नंतर अभ्यासकांनी उघडल्या तर त्यांत शंभरावर थेंब होते, शेजारी 'हे छान, छापू' अशा धर्तीचे शेरेही होते. त्यानं योग्य केलं की नाही यावर आजही वाद आहे. पण तो वाद घालता येतो, कारण वहीत त्यानं काही पुसलं नव्हतं. त्या मुलीच्या पानांवर त्यानंतर भरपूर रेघा दिसू लागल्या. वर्गातल्या सगळ्यांत विश्वासार्ह वह्यांपैकी तिची एक झाली.

फोन आणि टेबल

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फोन आणायला आम्हीच इतकी वर्षं मनाई करत होतो, आणि ती मनाई बरोबर होती. कल्चर हाताळलेल्या हातांनी फोन धरायचा, तोच बाहेर पडल्यावर कानाला लावायचा आणि जेवताना ताटाशेजारी ठेवायचा, हे चालणार नाही. ऑनलाइन वहीच्या नादात हा धडा बाजूला पडला तर वहीच नको, इतकं स्पष्ट मत आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मांडलं.

तोडगा असा निघाला. प्रत्येक गटात तिघं-चौघं. त्यातला एक त्या दिवसाचा नोंदकर्ता. तो कल्चरला हात लावत नाही, वेगळ्या टेबलाशी असतो, गटाचा फोन त्याच्याकडे. प्लेटचा फोटो झाकण बंद ठेवून, उपडी करून, काळ्या कापडावर. नाव, तारीख, मीडिया, विरलीकरण हे मार्करनं प्लेटच्या तळावर लिहिलेलं असलंच पाहिजे आणि फोटोत आलंच पाहिजे. झाकणावर नाही, झाकणं बदलतात. बाहेर पडताना हात धुवायचे आणि ७० टक्के अल्कोहोलनं फोन पुसायचा. नोंदकर्ता दर प्रात्यक्षिकाला बदलतो.

सुरुवातीला मुलांना हे बसून राहणं शिक्षेसारखं वाटलं. पण ज्याचे हात मोकळे असतात त्याचे डोळे मोकळे असतात. 'अगं, तू दुसऱ्या नळीतून परत पहिल्यातच टाकलंस' हे नोंदकर्त्यालाच दिसतं.

फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून तिथून वहीत चिकटवायची सवय मोडावी लागली. तसा पाठवलेला फोटो लहान होतो आणि केव्हा काढला ही आतली माहिती गळून पडते. कॅमेऱ्यातून थेट डॉक्समध्ये, एवढंच.

सगळ्यांकडे चांगला फोन नाही आणि सगळ्यांकडे डेटा नाही. काही मुली घरातला एकच फोन भावासोबत वापरतात. म्हणून नियमात पहिल्यापासून एक वाट ठेवली: कागदावर लिहा, टेबल सोडण्याआधी गटाच्या फोनवरून त्या कागदाचा फोटो वहीत टाका. तो फोटो हीच मूळ नोंद. टाइप करण्याची गरज नाही, आणि फेअर करून तर नाहीच. वायफाय बसलं त्या दिवशी सगळेच याच वाटेनं गेले.

लाईट गेली तो दिवस

जीवाणूंच्या वाढीचा आलेख हा पदवीच्या अभ्यासक्रमातला नेहमीचा प्रयोग. न्यूट्रिएंट ब्रॉथ या पातळ मीडियात ई. कोलाय हे जीवाणू घालून शेकरवर ठेवायचं आणि दर वीस मिनिटांनी थोडं काढून कलरीमीटरवर गढूळपणा मोजायचा. आधी काही काळ वाढ दिसत नाही, मग ती झपाट्यानं चढते, मग सपाट होते. इंग्रजी एस अक्षर आडवं ताणल्यासारखा हा वक्र पुस्तकात असतो आणि जर्नलमध्येही नेमका तसाच उतरतो, फ्रेंच कर्व्हची पट्टी ठेवून काढलेला.

त्या दिवशी पाचही गटांची वाचनं एका सामाईक तक्त्यात भरली जात होती आणि आलेख पडद्यावर जागच्या जागी तयार होत होता. चढ सुरू झाला, आणि मध्येच सगळ्यांच्या रेषा वाकल्या. दोन वाचनांपुरती वाढ मंदावली, मग पुन्हा चढ लागला. एका गटानं आपलं वाचन चुकलं असं धरून रेघ मारायची तयारी केली होती. तेवढ्यात दुसऱ्या गटाच्या नोंदकर्त्याच्या पानावर एक ओळ होती, मराठीत: 'लाईट गेली ११.४०. आली १२.०५. शेकर बंद होता.'

एरवी ही ओळ कुठल्याही जर्नलमध्ये आली नसती. लाईट जाणं हा प्रयोगाचा भाग कुठे असतो? पण शेकर थांबला की ब्रॉथमध्ये हवा मिसळणं थांबतं, वाढत्या जीवाणूंना ऑक्सिजन अपुरा पडतो; वर तापमानही उतरतं. जीवाणूंनी भारनियमन नोंदवलं होतं. मुलांनी वेळा जुळवल्या, वाकणं नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते पाहिलं, आणि मग 'हवा कमी पडली म्हणून, की गार झालं म्हणून?' असा प्रश्न एकानं विचारला. त्यासाठी पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून दोन फ्लास्क लावले, दोन्ही ३७ अंशांवरच, एक हलणारा आणि एक स्थिर. अभ्यासक्रमात हा प्रयोग नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतःचा प्रयोग मांडलेला मी त्या विभागात पहिल्यांदा पाहिला. हा आनंद शब्दांत मांडणं अवघड आहे.

त्या ओळीचं महत्त्व आणखी एका कारणासाठी. ती मराठीत होती. जर्नल इंग्रजीत लिहायची असा रिवाज आहे आणि परीक्षाही इंग्रजीत आहे. पण पटकन दिसलेलं पटकन लिहायचं तर हाताशी असलेल्या भाषेतच लिहिलं जातं. निरीक्षणाचा रकाना कोणत्याही भाषेत लिहा, अनुमान इंग्रजीत, असं आम्ही सांगितलं होतं. मराठीतली निरीक्षणं लांब आणि बारीक असतात: 'कडेला चिकट तार येते', 'वास कुबट नाही, गोडसर आहे', 'मधली वसाहत सायीसारखी सुरकुतलेली'. तीच मुलं इंग्रजीत 'कॉलनी ऑब्झर्व्ह्ड' लिहून मोकळी होत. बोलून लिहिण्याची सोय फोनमध्ये मराठीतही आहे, ती काहींनी उचलली. यावर विभागात एकमत नाही; परीक्षेत मुलं अडतील ही भीती खरी आहे. माझं मत मात्र पक्कं आहे: आधी नीट बघू दे.

काकांची नोंद

दुसरी घटना सत्राच्या मधल्या टप्प्यातली. वसाहती मोजण्याच्या प्रात्यक्षिकात हिशेब सोपा असतो. लाखपट विरल केलेल्या नमुन्यातलं ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरलं आणि ६४ वसाहती आल्या, तर मूळ नमुन्यात मिलिलिटरला ६ कोटी ४० लाख. प्लेटवर ३० ते ३०० च्या दरम्यान वसाहती असल्या तरच आकडा विश्वासाचा धरायचा. त्या दिवशी दोन गटांच्या प्लेटांवर अपेक्षित वसाहतींखेरीज भलत्याच, पसरट, कोरड्या वसाहती उगवल्या होत्या. बाकीच्या गटांच्या प्लेटा स्वच्छ.

पूर्वी यावर 'हात स्वच्छ नव्हते' असं म्हणून विषय संपला असता आणि त्या दोन गटांनी शेजारच्यांचे आकडे उतरवले असते. आता सहा प्लेटांचे फोटो होते, तळावर लॉटचं अक्षर होतं, आणि दूषित झालेल्या सगळ्या प्लेटा लॉट 'ब'च्या होत्या. ज्यांच्यावर काहीच पसरलं नव्हतं अशा तपासणीसाठीच्या कोऱ्या प्लेटांवरही तेच.

मीडिया बनवणारे आमचे प्रयोगशाळा परिचर, सगळ्यांचे काका. त्यांची स्वतःची नोंदवही आहे, मराठीत, वर्षानुवर्षांची. मुलं त्यांच्याकडे गेली. वहीत लिहिलं होतं: लॉट अ, २५० मिलिलिटरचे चार फ्लास्क, लॉट ब, एक लिटरचा एक फ्लास्क, दोन्ही १५ पौंड दाबावर १५ मिनिटं. प्लेटा जास्त हव्या होत्या, छोटे फ्लास्क कमी होते, म्हणून मोठा वापरला. उत्तर तिथेच होतं. ऑटोक्लेव्हमधली वाफ १२१ अंशांना पोचली म्हणून मोठ्या फ्लास्कच्या पोटातलं अगार, म्हणजे प्लेटांचा घट्ट होणारा मीडिया, त्याच क्षणी १२१ ला पोचत नाही. त्याला तापायलाच वेळ लागतो आणि तो वेळ १५ मिनिटांत धरलेला नसतो. काही जीवाणूंचे टणक, उष्णता सोसणारे बीजाणू तेवढ्यात तगून राहतात.

त्यानंतर काकांच्या वहीच्या पानाचा फोटो प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या पानावर सर्वांत वर येऊ लागला. काका म्हणाले, 'माझं कधी कुणी वाचलं नव्हतं.' महाविद्यालयात सर्वांत शिस्तशीर प्रयोगवही ठेवणारा माणूस इतकी वर्षं आमच्या शेजारी काम करत होता. जर्नलच्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव कुठेच नसतं.

आक्षेप आणि मार्क

सर्वांत वजनदार आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ सहकारी मॅडमचा होता. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र फोटोनं टिपलं तर मुलं बघणं विसरतील. हातानं काढताना साखळीत पाच गोल आहेत की सहा, दांड्यांची टोकं गोल की चौकोनी, हे ठरवावंच लागतं. फोटोला काहीच ठरवावं लागत नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण मान्य करून आकृती पेन्सिलनंच राहिली. आधी आकृती काढायची, मग फोटो, आणि दोन्ही शेजारीशेजारी लावायचे. उलट क्रम नाही. आकृतीत आणि फोटोत फरक पडतो तिथे बोलायला सर्वांत जास्त मिळतं.

रक्तगट तपासण्यासारख्या प्रात्यक्षिकांत नमुना विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो. वही अख्ख्या बॅचला दिसते, म्हणून तिथे नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि क्रमांकांची यादी फक्त शिक्षकाकडे. ब्रॅडली यांच्यासारखी वही जगाला खुली करण्याचा मोह झाला होता, वर्गापुरतीच ठेवली. शिकणाऱ्याला चुकायला थोडी बंद खोली लागते.

मार्कांची गोष्ट किचकट. अंतर्गत मूल्यमापनातला वहीचा वाटा आमच्या हातात होता. 'बरोबर' निकालाला आम्ही मार्क ठेवलेच नाहीत. पान वाचून दुसऱ्या गटाला तोच प्रयोग करता येईल का, एवढी एकच कसोटी, आणि ती प्रत्यक्ष लावली: एका प्रात्यक्षिकाला प्रत्येक गटाला दुसऱ्या गटाची वही देऊन अनोळखी जीवाणूची ओळख पटवण्याचं काम पुढे न्यायला सांगितलं. बोलायचं नाही, फक्त वाचायचं. 'यांनी कुठलं कल्चर घेतलं तेच लिहिलं नाही' अशी ओरड चारही बाजूंनी झाली. त्या एका दुपारनंतर रकाने भरायला कुणाला सांगावं लागलं नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेला मात्र सही-शिक्क्याची छापील जर्नल लागते. सत्राअखेर प्रत्येक वहीची पीडीएफ काढून छापली, वर प्रमाणपत्राचं पान लावलं, विद्यार्थ्यानं प्रत्येक प्रयोगावर सही केली. एक प्रत विद्यार्थ्याला ईमेलनं, कारण पदवी झाली की महाविद्यालयाचं खातं बंद होतं. एक प्रत विभागाच्या हार्ड डिस्कवर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रेघा मारलेली पानं बघून आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांनी लॉट 'ब'चं पान उघडलं आणि तोंडी परीक्षा त्याच्यावरच घेतली. पंधरा मिनिटं का पुरली नाहीत, हे त्या मुलानं चित्र काढून सांगितलं.

किंमत काय पडली तेही लिहायला हवं. वाचावं लागतं, दर आठवड्याला, पुढच्या प्रात्यक्षिकाच्या आत. सत्राअखेर शंभर सह्या एका दुपारी करण्याची जुनी पद्धत शिक्षकाच्या वेळेच्या दृष्टीनं कितीतरी स्वस्त होती. दोन बॅचचं वाचन दोघांनी वाटून घेतलं तरी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जातात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यावर हा भार टाकायचा तर त्याचा मोबदला कार्यभारात धरला गेला पाहिजे. सध्या तो धरला जात नाही. कुणी ही व्यवस्था सुरू करणार असेल तर एकाच पेपरपासून, एकाच बॅचपासून करावी, आणि वाचायला माणूस नसेल तर करू नये. न वाचलेली ऑनलाइन वही सहा आठवड्यांत पुन्हा फेअर जर्नल होते.

अभ्यास मंडळाकडे आम्ही दोन मागण्यांचं पत्र दिलं आहे. प्रात्यक्षिकाच्या नियमांत 'प्रमाणित जर्नल' याच्या पुढे 'किंवा तारीख-वेळेच्या इतिहासासह ठेवलेल्या ऑनलाइन प्रयोगवहीची छापील प्रत' एवढे शब्द घालावेत. आणि जर्नलच्या मार्कांत नीटनेटकेपणासाठी जो वाटा आहे तो काढून त्या जागी 'प्रयोगाच्या वेळीच केलेली नोंद' असं लिहावं. पहिली मागणी मान्य होईलसं दिसतं. दुसरीवर चर्चा पुढच्या बैठकीत आहे, आणि त्या बैठकीला आम्ही वाकलेल्या रेषांचा तो आलेख घेऊन जाणार आहोत.